डक्टचा हॅच स्क्रीनवर एक आणि प्रिंटवर भलताच : माझा अनुभव

मी रत्नागिरीत बसून कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एसी डक्टिंगची, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टची, शॉप ड्रॉइंग (फिटर ज्यावरून पत्रा कापतो ती) काढते, कामं बहुतेक गणपतीपुळे-मालगुंड साइडच्या हॉटेलांची आणि हॉलची. हे लिहितेय कारण हॅचचा, म्हणजे भाग ओळखू यावा म्हणून ड्रॉइंगमध्ये भरलेल्या रेषांचा किंवा रंगाचा, प्रॉब्लेम आला की ज्याला विचारावं तो म्हणतो "रिजेन मार, येईल", आणि रिजेन मारून, म्हणजे ड्रॉइंग स्क्रीनवर पुन्हा आखून घेऊन, काय तो येत नाही.

आधी एक सांगते, डक्टवर हॅच आम्ही शोभेला टाकत नाही. आतून अकूस्टिक (आवाज शोषणारं) लायनिंग असलेल्या डक्टला एक हॅच, बाहेरून नायट्राइल (रबराच्या) इन्सुलेशनवाल्याला दुसरा, आणि गच्चीवर उघड्यावर चाललेल्या डक्टला तिसरा, कारण त्याला इन्सुलेशनवर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग पण लागतं, आपल्याकडचा खारा वारा नुसत्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याला किती दिवस ठेवतो ते इथल्या कुणालाही माहितीय. आता समजा ६०० बाय ३०० चा डक्ट आहे आणि आतून २५ मिमी लायनिंग, तर हवेला तेवढीच जागा मिळायला पत्रा ६५० बाय ३५० चा कापावा लागतो. म्हणजे फिटरला हॅच दिसला नाही की पत्रा चुकला, आणि कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

तर गणपतीपुळ्याच्या बाजूला एका बँक्वेट हॉलचं काम होतं. आर्किटेक्टकडून फाइल आली, तिच्यावर डक्ट काढले, हॅच टाकायला गेले तर बाउंड्रीच सापडेना, म्हणजे आयत समोर बंद दिसतोय आणि कॅड म्हणतंय बंद नाही. कुठे टाकला गेलाच तर रेषा वाकड्यातिकड्या, झूम केलं की जागा बदलतायत, एका डक्टमध्ये तर हॅच बाहेर सांडलेला. आधी फिलमोड नावाचं सेटिंग बघितलं, ते शून्य असलं तर हॅच दिसतच नाहीत, पण ते १ होतं. ग्राफिक्स कार्डचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघितलं, फरक शून्य.

मग सहज एका कॉलमच्या कोपऱ्यावर आयडी कमांड (ती त्या बिंदूचे कोऑर्डिनेट सांगते) मारली आणि आकडा बघून हसूच आलं. सर्व्हेवाल्याने टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) यूटीएम, म्हणजे पृथ्वीच्या नकाशावरचे मीटरमधले, कोऑर्डिनेट घेतलेले, आपण ४३ नंबरच्या झोनमध्ये येतो, तिथे आपलं नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) विषुववृत्तापासून मोजतात, ते मीटरमध्ये १९ लाखांच्या आसपास, आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात कोणीतरी सगळं हजारपट करून मिलिमीटरमध्ये आणलेलं. म्हणजे आमचा हॉल शून्य-शून्यपासून, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ बिंदूपासून, १९० कोटी मिलिमीटर लांब! हॅचचा पॅटर्न बाय डीफॉल्ट शून्यापासून मोजला जातो, एवढ्या लांबवर आकड्यांचे शेवटचे घर डळमळतात आणि रेषा जागेवर पडत नाहीत. भिंती-डक्टच्या साध्या रेषा ठीक दिसतात म्हणून संशय येत नाही, मार बसतो तो हॅचला.

हॅचचा ओरिजिन डक्टजवळ आणून ठेवला की बरंच सुधारतं, पण बाउंड्रीची कटकट राहते. म्हणून मी ग्रिड ए-१ चा छेद (कॉलमच्या ए आणि १ या आखणीरेषा छेदतात तो बिंदू) शून्य-शून्यवर धरला, आर्किटेक्टची फाइल तेवढीच मागे सरकवून एक्सरेफ केली, म्हणजे माझ्या फाइलला बाहेरून जोडली, तिच्या आतले हॅचचे लेयर (थर) फ्रीझ करून लपवले कारण मला टाइल्सशी काही देणंघेणं नाही, आणि डक्ट नव्या जागी हलवून हॅच नव्याने टाकले. मूळ फाइलला हात लावायचा नाही हं, उद्या रिव्हिजन आली की तिच्या जागी ती बसली पाहिजे. स्क्रीनवर एकदम स्वच्छ.

आणि पीडीएफ झेरॉक्सवाल्या काकांकडे पाठवली, तर साइटवरून फिटरचा फोन, "ओ ताई, ह्यो डक काळाच छापलाय, साइज कुठे वाचायची?"

इथे दोन भानगडी एकत्र होत्या आणि त्या वेगळ्या करण्यातच डोकं गेलं. पहिली पॅटर्नची. तिरक्या रेषांचा एएनएसआय-३१ मेट्रिक फाइलमध्ये ३.१७५ मिमी अंतराने येतो, स्केल १०० दिला की १:१०० च्या शीटवर रेषांमध्ये तेवढंच अंतर दिसतं, छान. पण माझी ही फाइल निघालेली इंच-फुटाच्या टेम्प्लेटवरून, मेझरमेंट व्हेरिएबल (इंच की मेट्रिक ते ठरवणारं सेटिंग) शून्य, त्यामुळे तोच पॅटर्न ०.१२५ युनिटचा आला, म्हणजे २५.४ पट दाट. कागदावर रेषांमध्ये ०.१२५ मिमी, म्हणजे डांबरच! मेझरमेंट १ केला तरी आधीचे हॅच बदलत नाहीत, पुन्हा टाकावे लागतात, हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी भानगड क्लॅडिंगवाल्या सॉलिड (रेषांऐवजी पूर्ण रंग भरलेल्या) हॅचची. त्याला मी ७० टक्के ट्रान्स्परन्सी (पारदर्शकता) दिली होती, स्क्रीनवर खालचा साइज मस्त दिसायचा. प्लॉट करताना 'प्लॉट ट्रान्स्परन्सी' ची खूण वेगळी करावी लागते, नाहीतर पूर्ण अपारदर्शक छापतं. खूण केली तर पीडीएफ इतकी जड झाली की काकांचा प्लॉटर अडकून बसला. त्यात रंग नंबरऐवजी ट्रू कलरमध्ये निवडलेला असेल तर सीटीबी (कुठल्या नंबरचा रंग कसा छापायचा ते ठरवणारी फाइल) त्याला हातच लावत नाही, मोनोक्रोम निवडा नाहीतर काही निवडा. शेवटी ट्रान्स्परन्सी काढूनच टाकली, नंबरवाला (इंडेक्स) रंग २५३ घेतला, सीटीबीत त्याचं स्क्रीनिंग (शाईचं प्रमाण) ४० केलं आणि हॅचटूबॅक मारून सगळे हॅच मजकुराच्या मागे ढकलले. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी साइज वाचता येते, आणि साइटवर तीच फिरते.

एक हॅच तरीही छापेना, तो डेफपॉइंट्स लेयरवर होता, तो लेयर कधीच छापत नाही. पीडीएफमध्ये सॉलिड भागावर पांढऱ्या बारीक रेषा दिसतात त्या बहुतेक वेळा व्ह्यूअरच्या स्मूदिंगच्या असतात, कागदावर येत नाहीत, त्यामागे लागू नका. आणि काकांना मात्र दरवेळी सांगावं लागतं, "काका, फिट टू पेज नको, १०० टक्क्यांवर काढा", नाहीतर फिटर पट्टी लावून मोजतो आणि मग सगळंच बोंबलतं.

नवी प्रिंट गेली तशी संध्याकाळी फिटरचा परत फोन. "ताई, आता दिसतंय सगळं बरोबर. पण हितला बीम ड्रॉइंगपेक्षा खाली उतरलाय, डक जाणार कसा?"