एकाच पॉवर पॅकवर एमपीए, बार, केजी आणि पीएसआय: माझा अनुभव

एका हायड्रॉलिक प्रेसचा पॉवर पॅक (तेलाची टाकी, पंप आणि मोटर यांचा संच) नव्याने सेट करायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की प्रेशर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या युनिटमध्ये आहे. ड्रॉइंगवर 16 एमपीए, पंपाचा कॅटलॉग बारमध्ये, टाकीजवळच्या जुन्या गेजवर बाहेरच्या पट्टीवर केजी आणि आतल्या पट्टीवर पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), होजवर छापलेलं 4000 पीएसआय, आणि सक्शन लाईनवर (पंप टाकीतून तेल ओढतो तो पाईप) जे व्हॅक्युम गेज होतं ते चक्क मिलिमीटर पाऱ्यात. अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्हला, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, पाना लावायच्या आधी कागद-पेन घ्यावं असं माझं ठाम मत आहे, म्हणून मी सगळे आकडे आधी बारमध्ये आणले.

बारच का, तर 1 बार म्हणजे बरोबर 1 लाख पास्कल, त्यामुळे एमपीएला (मेगापास्कल, म्हणजे 10 लाख पास्कल) नुसतं 10 ने गुणलं की बार मिळतो. 16 एमपीए म्हणजे 160 बार, संपला विषय. पीएसआयला 14.5 ने भागायचं, म्हणजे होजचे 4000 पीएसआय झाले साधारण 276 बार. केजी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो वजनाचा दाब, तो 0.98 बार.

खरी चर्चा झाली ती या 0.98 वर. फिटर म्हणाला, "साहेब, केजी आणि बार एकच धरतात सगळे, काटा 160 वर आणतो आणि लॉक करतो." गेज वाचण्यापुरतं त्याचं बरोबरच आहे, कारण 160 बार म्हणजे 163 केजी, फरक फक्त 3 चा, आणि ते 250 चं गेज 1.6 क्लासचं होतं, म्हणजे पूर्ण स्केलच्या 1.6 टक्के, त्याचीच चूक 4 पर्यंत चालते. पण टनेज (प्रेसचा एकूण जोर) काढताना मी ही सूट घेत नाही. सिलिंडरचा बोअर 100 मिमी, म्हणजे एरिया 78.54 चौरस सेंटीमीटर. 160 केजी धरले तर फोर्स 12,566 किलो येतो आणि 160 बार धरले तर सुमारे 12,814 किलो, म्हणजे जवळपास 250 किलोचा फरक, तोही एकाच सिलिंडरवर. आणि हा फरक दरवेळी एकाच बाजूला जातो, गेजच्या चुकीसारखा कधी वर कधी खाली जात नाही.

फोर्स काढायला मला स्वतःला एमपीए सगळ्यात आवडतं कारण 1 एमपीए म्हणजे 1 न्यूटन प्रति चौरस मिमी, बोअर तर मिमीमध्येच असतो, 16 गुणिले 7854 केलं की थेट 1,25,664 न्यूटन, मधे कुठलाही फॅक्टर नाही. मोटरला मात्र बार सोपा. लिटर पर मिनिट गुणिले बार भागिले 600 म्हणजे किलोवॅट. आपला पंप 40 लिटरचा, 160 बारला 10.7 किलोवॅट, एफिशियन्सी 85 टक्के धरली की 12.5 च्या आसपास, म्हणून 15 ची मोटर ठीक. काही जुन्या तक्त्यांत 600 च्या जागी 612 असतं ते बघून गोंधळू नका, तो तक्ता केजीचा आहे एवढंच.

ट्रान्समीटर, म्हणजे दाबाचा विजेचा सिग्नल करणारा, 0 ते 250 बारचा, 4 ते 20 मिलीअँपियरचा होता, तर 160 बारला 14.24 मिलीअँपियर यायला हवेत. पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) स्केलिंगमध्ये 250 टाकलं आणि मीटर लावून बघितलं, जुळलं. टेस्ट प्रेशर दीडपट म्हणजे 240 बार घ्यायचं होतं, होज 276 ची असल्यामुळे त्यात बसत होती, बाकी व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचं रेटिंगही बारमध्ये आणून ताडून घेतलं, पण 250 च्या गेजवर 240 म्हणजे काटा अगदी टोकाला, म्हणून टेस्टपुरतं 400 बारचं गेज लावलं.

सगळ्यात जास्त वेळ मी सक्शनवर दिला आणि तो द्यायलाच हवा. कॅटलॉग म्हणतो इनलेटला कमीत कमी 0.8 बार, पण ते ॲब्सोल्यूट, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेलं, आणि आपलं गेज हवेच्या दाबाला शून्य मानतं. प्रेशर लाईनवर 160 बारमध्ये हा 1 बारचा फरक कुणाला जाणवत पण नाही, सक्शनला मात्र सगळा खेळच त्या 1 बारच्या आत चालतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1.013 बार, त्यातून 0.8 वजा केले की 0.213 उरतात, पाऱ्यात 160 मिमी. म्हणजे व्हॅक्युम गेज 160 च्या पुढे गेलं की पंपात कॅव्हिटेशनची (दाब फार कमी होऊन तेलात बुडबुडे होऊन फुटण्याची) भीती, तो खडखडाट एकदा ऐकला की विसरत नाही. आता हेच मशीन 1500 मीटर उंचीवर नेलं तर तिथे हवेचाच दाब साधारण 0.845 बार असतो, म्हणजे हातात उरतात जेमतेम 34 मिमी. सक्शन पाईप, फिल्टर, टाकीची उंची सगळं परत बघावं लागेल, गेजवरची जुनी लाल खूण तिथे काही कामाची नाही. म्हणून मी नेमप्लेटवर प्रत्येक आकड्यापुढे गेज की ॲब्सोल्यूट ते लिहून घेतलं. आणि हे रीडिंग थंड तेलावर पण घ्या, कारण तेल घट्ट असताना व्हॅक्युम जास्त येतो, तेल तापलं की तोच काटा खाली येतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.