तुम्ही विचारलंत म्हणून: कोहळं (लाल भोपळा) गळतं काहून?

मी टेरेसवर भाज्या लावते हे कळलं की लोक हमखास हेच विचारतात, "ताई, कोहळ्याला फुलं भरपूर येतात पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळतं, कोणतं खत टाकू?" खत नका टाकू बाप्पा. आधी सकाळी सातच्या आत वर जाऊन बघा, फुलावर कोणी येतं का ते.

कोहळ्याचं नर फूल वेगळं, मादी वेगळं. मादीच्या मागे बारकी गोळी असते, तेच होऊ घातलेलं कोहळं. पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही, मधमाशीलाच अंगाला लावून न्यावा लागतो, अन् फूल उमलतं पहाटे आणि दुपारच्या आत मिटतं, म्हणजे तेवढ्यात कोणी फिरकलं नाही की वेल ती गोळी टाकून देतो. (सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, ती गळणारच, त्याचं टेन्शन नको.)

आता सातव्या मजल्यावर मधमाशी येणार कुठून? टाकीखाली आग्या मोहोळ दिसलं की सोसायटी लगेच पेस्ट कंट्रोलला फोन करते. आग्याची भीती मी समजू शकते, ती उठली तर जिवावर बेततं. पण झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी मधमाशी काय करते हो कोणाचं? तीही त्याच फवाऱ्यात जाते.

वांगी-टोमॅटोची तर वेगळीच तऱ्हा. त्यांचा पराग मिठाच्या डबीसारखा बारीक भोकातून सांडतो, हलवल्याशिवाय नाही. मधमाशीला ते जमत नाही, काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पडतो. म्हणून भुंग्याला चपलेने मारू नका, प्लीज. आंब्याच्या मोहोरावर तर साध्या माश्यासुद्धा हे काम करतात, पण त्यांचं कौतुक कोणी करत नाही.

जगातल्या 115 मुख्य अन्नपिकांपैकी 87 पिकांना थोडीफार तरी अशी मदत लागते. गहू, तांदूळ, ज्वारीला लागत नाही, म्हणजे भात-पोळी मिळेल, कोहळ्याचे बोंडं (गोड भजी) मिळणार नाहीत, अन् माझ्या मते मग सणाला अर्थ काय!

मधमाशी येत नाही तोवर तिचं काम हाताने करा. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधली दांडी मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. मे महिन्यात पारा 45 वर गेला की याचाही फार उपयोग नाही, परागच मरतो.

दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. कीडनाशक संध्याकाळी फवारा असं सगळेच सांगतात ना, मधमाशीसाठी ते बरोबर आहे, पण हे वेल असतील तर कडुलिंबाचं तेलसुद्धा पानांवरच मारा, फुलं सोडून.