शिट्टी नसलेले भांडे

शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या उपनगरात जानेवारीतल्या दुपारी दोन वाजता जो उजेड पडतो, त्याला ऊन म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने अजून झालेले नाही. अशाच एका दुपारी खिडकीशी वाचत बसले असताना आपले लक्ष पुस्तकात नसून कान स्वयंपाकघराकडे लागले आहेत, हे माझ्या ध्यानात आले आणि ते कशासाठी लागले आहेत हे उमजायला आणखी थोडा वेळ गेला. ओट्यावरच्या स्लो कुकरमध्ये सकाळपासून पिंटो बीन्सचे सूप शिजत होते आणि मी त्याची शिट्टी होण्याची वाट पाहत होते. स्लो कुकरला शिट्टी नसते. हे मला ठाऊक आहे, आणि तरीही कडधान्य चुलीवर चढले की माझे कान आपोआप मोजणी सुरू करतात.

आपल्याकडे शिजण्याचे माप मिनिटांत सांगत नाहीत, शिट्ट्यांत सांगतात. तुरीच्या डाळीला तीन, हरभऱ्याला पाच-सहा आणि राजम्याला शेजारीण चौकशीला येईपर्यंत. माझी आई फाटकाशी कोणाशी तरी बोलत उभी असली, तरी मधेच मान वळवून ‘दुसरी झाली का गं?’ असे विचारत असे, आणि तिच्याशी बोलणारी बाईसुद्धा ‘नाही, पहिलीच झाली’ असे उत्तर देत असे. घरातल्या कुकरवर साऱ्या आळीचे लक्ष असे आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. आज आमच्याकडे उसळ आहे, हे जाहीर होऊनच ती ताटात येत असे.

स्लो कुकर मात्र मुखदुर्बळ. पत्र्याच्या बुडात आणि भिंतीत बसवलेली तापणारी तार, तिच्या आत ठेवलेले जाड मातीचे जड भांडे आणि वर काचेचे झाकण, एवढाच त्याचा सारा संसार. वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात, ते उतारावरून कडेपर्यंत ओघळतात आणि भांड्याच्या ओठावर पाण्याचे एक बारीक कडे तयार होते. त्या कड्यानेच झाकण बंद राहते. झाकण एकदा उचलले की गेलेली ऊब परत यायला वीस-एक मिनिटे लागतात, म्हणून उचलू नये असे त्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेले आहे. मी उचलते. चमच्यावर तीन-चार दाणे घेऊन त्यांच्यावर फुंकर घालते. साल सुरकुतून मागे सरकली तर दाणा शिजत आला, नाही सरकली तर झाकण परत ठेवायचे. आवाज न करणाऱ्या भांड्यावर विश्वास तरी कसा टाकावा? मुके मूल खेळते आहे की पेंगते आहे, हे आईने डोकावून पाहिलेच पाहिजे.

या यंत्राचा जन्म मी राहते त्याच शहरातला आहे, हे मला फार उशिरा कळले. अर्विंग नॅक्सन नावाचे एक संशोधक शिकागोत राहत होते. त्यांची आई लिथुएनियातली. लहानपणी दर शुक्रवारी तिची आई तिच्या हाती कच्च्या चोलंटचे भांडे देऊन तिला गावातल्या बेकरीत पाठवत असे. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू लोकांचा शब्बाथ सुरू होतो आणि मग विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून बेकरीची भट्टी विझवल्यावर तिच्यात उरलेल्या धगीवर घेवडा, जव आणि मांस यांचे ते कालवण रात्रभर शिजत राही आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण पानात पडे. आईने सांगितलेली ही गोष्ट मुलाने यंत्रात उतरवली. 1940 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पुढे ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने ते भांडे विकले जाऊ लागले. म्हणजे सुरुवातीला तो निव्वळ घेवडे शिजवण्याचाच डबा होता. 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी तोच डबा नवे रूप आणि ‘क्रॉक-पॉट’ हे नवे नाव घेऊन शिकागोच्याच एका प्रदर्शनात मांडला गेला.

बेकरीतल्या त्या उरल्या धगीविषयी वाचताना मला सांगलीची आमची भुशाची शेगडी आठवली. गॅसचा नंबर लागला नव्हता आणि रॉकेल रेशनवर होते, त्या काळात आमच्या परसात पत्र्याच्या डब्याची एक शेगडी होती. तिच्या बुडाशी, एका बाजूला, मूठ जाईल एवढे भोक होते. लाकडाच्या वखारीतून पोत्याने भुसा आणायचा. डब्याच्या मधोमध एक रिकामी बाटली उभी धरायची, भोकातून एक लाकडी दांडका आत सरकवून तो बाटलीच्या बुडाला भिडवायचा आणि मग चारी बाजूंनी भुसा घालून तो मुसळाने ठासायचा. बाटली धरण्याचे काम माझे. भुसा हातावर, भुवयांवर, परकराच्या घड्यांत जाऊन बसे आणि नाकात सागवानाचा कडवट वास दिवसभर राही. ठासणे पुरे झाले की आजी बाटलीला हलकेच पीळ देत ती वर ओढून काढत असे, दांडका बाजूने सरकवून घेत असे, आणि आत भुश्याच्या भिंतींचे एक नितळ धुराडे उभे राही. ते ढासळले तर सारा खटाटोप पुन्हा करावा लागे, म्हणून बाटली निघेपर्यंत आम्हा मुलांना शिंकायचीही बंदी होती. मग खालून रॉकेलचा बोळा पेटवून द्यायचा. एकदा धग धरली की ती शेगडी कोणाचेही लक्ष न मागता दुपारपर्यंत जळत असे. आधी तिच्यावर अंघोळीचे पाणी तापे आणि मग आजी तिच्यावर घेवड्याचे पातेले चढवत असे.

हा घेवडा म्हणजे सातारकडचा वाघ्या. फिकट अंगावर तांबूस पट्टे ओढलेला. कोरेगाव तालुक्यातल्या या वाघ्या घेवड्याला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. अमेरिकेत आल्यावर वाणसामानाच्या दुकानात पिंटो बीन्सची पिशवी पहिल्यांदा हाती घेतली, तेव्हा घरचेच कोणी भेटल्यासारखे झाले. रंग जरा मळकट, पट्ट्यांऐवजी शिंतोडे, पण घराणे तेच. खरे तर पाहुणी मी होते, घेवडा नव्हे. राजमा, पिंटो, वाघ्या, सूपवाले पांढरे घेवडे हे सगळे एकाच जातीचे आणि मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या सफरीनंतर ते समुद्र ओलांडून युरोपात आणि आपल्याकडे पोहोचले. लिथुएनियातल्या त्या भांड्यातला घेवडाही कधीकाळी इथूनच गेलेला असणार.

आता सुपाविषयी. रात्री एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, घेवडा भरपूर पाण्यात भिजत घालावा. सकाळी ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात घेवडा आधी गॅसवर दहा मिनिटे तरी खळखळून उकळावा. ही पायरी अनेकजण आळसाने गाळतात आणि इथे मात्र मी कोणाचे ऐकत नाही. या जातीच्या दाण्यांत, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी प्रथिन असते. ते उकळत्या पाण्यात मोडते, पण मंद आचेवर नुसते कोमट-गरम राहिले तर टिकून राहते, आणि अशा अर्धवट शिजलेल्या राजम्याने कच्च्यापेक्षाही जास्त त्रास होऊ शकतो. उकळून झाले की घेवडा स्लो कुकरमध्ये घालून वर कांदा, लसूण, गाजर, सेलरीच्या दोन दांड्या आणि तमालपत्र टाकावे, तीन बोटे वर येईल एवढे पाणी घालावे आणि मंद आचेवर आठ तास विसरून जावे. इथले लोक त्यात डुकराच्या तंगडीचे हाड घालतात. मी शेवटी चमचाभर कांदा-लसूण चटणी घालते आणि त्या क्षणी ते सूप राहते की आमटी होते, या वादात पडत नाही. पातळ झाले असेल तर डावभर दाणे कडेला चेचून परत मिसळावेत. पीठ लावू नये.

टोमॅटो मात्र दाणा पुरता मऊ झाल्याखेरीज घालायचा नाही. आंबटाने घेवड्याची साल आवळून धरली जाते आणि मग तो कितीही वेळ ठेवला तरी शिजत नाही. आजीला यामागचे रसायन माहीत नव्हते, पण डाळ मोडल्याशिवाय आमसूल हाताला लागू द्यायचे नाही हा तिचा दंडक होता. मी घाई केली की ती म्हणे, ‘शिजू दे की गं तिला आधी, मग दे काय द्यायचं ते.’

हे स्वस्त जेवण आहे, असे सगळेच म्हणतात. वॉशिंग्टनच्या संसद भवनातल्या खाणावळींत घेवड्याचे सूप रोज असते आणि त्याचे श्रेय कोणाचे यावर एकमत नाही. प्रतिनिधिगृहातल्या सुपाची कथा मात्र त्या गृहाचे तेव्हाचे सभापती, आमच्या इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावचे जोसेफ कॅनन, यांची सांगतात. 1904 सालच्या उन्हाळ्यात उकाड्यामुळे सूप केलेले नाही असे कळताच ते भडकले आणि ऊन असो, पाऊस असो, रोज झालेच पाहिजे असे त्यांनी फर्मावले. सिनेटच्या खाणावळीत युद्धकाळातल्या रेशनिंगमुळे 14 सप्टेंबर 1943 रोजी घेवडा पुरला नाही आणि तेवढ्या दिवशी सूप झाले नाही, याचीसुद्धा नोंद आहे. सत्ताधीशांनी गरिबाचे अन्न खाल्ले की त्याची परंपरा होते.

गरिबाघरचे गणित निराळे असते. आमच्या गावातल्या अन्नछत्रासाठी दर महिन्याला सामान गोळा होते आणि त्याच्या वर्गवारीचे काम मी कधीमधी करते. एकदा मी कोरड्या घेवड्याच्या पिशव्या घेऊन गेले, तेव्हा तिथल्या अनुभवी बाईंनी फार नम्रपणे सांगितले की शक्य असेल तर डबाबंद शिजवलेला घेवडा आणावा. कोरडा घेवडा शेल्फवर मागे राहतो. कोणाकडे मोठे पातेले नसते, कोणाकडे शेगडीच नसते आणि बहुतेकांकडे वेळ नसतो. दोन नोकऱ्या करून रात्री दहाला घरी येणारी बाई घेवडा भिजत घालणार कधी आणि उकळणार कधी? पिशवीत सर्वांत स्वस्त मिळणारी वस्तू तिला परवडत नाही, कारण तिची उरलेली किंमत तासांत मोजायची असते. क्रॉक-पॉटचा सत्तरच्या दशकात एवढा खप झाला, तो बायका नोकरीला बाहेर पडल्या म्हणूनच. दिवसभर घरी नसलेल्या स्वयंपाकिणीच्या जागी तो राबेल, अशीच त्याची जाहिरात होती. भुशाच्या शेगडीपाशी ती राबणारी व्यक्ती आजी होती. पहाटे उठून भुसा ठासणे, आंघोळी उरकून पातेले चढवणे, दर घटकेला डोकावणे आणि आम्ही जेवून उठल्यावर बुडाशी उरलेला रस भाकरीने पुसून घेणे, यातले काहीच घरखर्चाच्या वहीत आले नाही. वहीत फक्त घेवडा होता, शेराच्या भावाने.

ती वही आजोबा लिहीत असत. आजीला लिहिता येत होते, पण वही तिच्याकडे कधी आली नाही.

मिठाचे सांगायचे राहिले. मीठ आधी घातले तर घेवडा शिजत नाही असे आजी म्हणत असे. आता स्वयंपाकाचे शास्त्र सांगणारे लोक त्याच्या नेमके उलट सांगतात. घेवडा मिठाच्या पाण्यातच भिजत घालावा, त्याने साल मऊ होते आणि दाणा फुटत नाही, असे म्हणतात. त्यामागचे कारण मी वाचले आहे आणि ते मला पटलेही आहे. मीठ मी शेवटीच घालते.