एमएसडब्ल्यू करताय? आधी क्षेत्रकार्याचं बघा

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेताना कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: नोकरी कुठं लागते? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर दोन वर्षांत क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत जाऊन केलेलं प्रत्यक्ष काम, कुठं आणि कसं केलं, यावर ठरतं. पदवी कुठल्याही शाखेची चालते, समाजकार्याचीच (बीएसडब्ल्यू) हवी असं नाही. त्यामुळे मुलाखतीत मार्कशीटपेक्षा क्षेत्रकार्याची वही जास्त बोलते.

आठवड्यातले साधारण दोन दिवस संस्थेत जातात आणि बहुतेकांचं बिघडतं ते नोंदीत. ‘सेवार्थीचे समुपदेशन केले, त्यांना बरे वाटले’ ही नोंद नव्हे. सेवार्थी, म्हणजे मदतीसाठी आलेला माणूस, कुणाच्या सांगण्यावरून आला, तो स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, तुम्ही काय विचारलंत, हे आधी लिहा. तुमचा अंदाज वेगळ्या परिच्छेदात. शेवटी पुढचं पाऊल आणि तारीख. हे त्याच रात्री लिहायचं. रविवारी बसून आठ भेटी लिहिल्या की सगळे सेवार्थी एकाच भाषेत बोलायला लागतात, आणि मार्गदर्शकांना ते लगेच कळतं.

संशोधनाचा विषय निवडताना हंगाम बघा. ऊसतोड कामगारांवर काम करायचं तर टोळ्या गाळपाबरोबर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. प्रश्नावली फेब्रुवारीत मंजूर झाली, तर हातात जेमतेम महिना-दोन महिने उरतात. दिवसा फडात कुणाला बोलायला सवड नसते, म्हणून संध्याकाळी खोपीवर जावं. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला गाठायचं तर पाळी सुटण्याची वेळ धरा. समुदाय संघटन, म्हणजे गावाला एकत्र आणून काम करणं, शिकायला शिरोळ तालुका जवळच आहे: पुराचा पट्टाही तिथलाच, आणि २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव करणारं हेरवाडही. ठराव झाला, पण घराघरांत काय बदललं, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

आता नोकऱ्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५०० कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमण्याची अट होती. नव्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा २५० आहे. कागल-हातकणंगलेतले मोठे कारखाने आणि सूतगिरण्या यांचा विचार इथं करा; शिरोली, गोकुळ शिरगावच्या लहान फौंड्री या आकड्यापर्यंत पोचत नाहीत. हाती येणारं काम मात्र बऱ्याचदा हजेरी, पीएफ आणि कँटीनच्या तक्रारी, तेव्हा कामगार कायद्याचा पेपर हलक्यात घेऊ नका.

सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं. अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांत समन्वयक लागतो, तिथं समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला पसंती असते. मनोरुग्णांसोबत काम करायचं असेल तर एक खोच आहे: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणजे एमएसडब्ल्यू अधिक त्या विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. विद्यापीठांतून एम.फिल. बंद होत आल्याने आताची वाट कोणती, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

बालसंरक्षण कक्ष, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या जाहिराती येत राहतात, पण बहुतेक कंत्राटी. करार ११ महिन्यांचा असेल तर नूतनीकरण कुणाच्या हातात आहे, प्रवासभत्ता वेगळा आहे का, आणि मानधन दरमहा येतं की निधी आल्यावर, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारावेत. विचारायला संकोच वाटतो खरा. पण दुसऱ्यांना हक्क समजावून सांगणं हेच ज्याचं काम, त्याने इथं गप्प बसू नये.

प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास हवी. नेटमध्ये समाजकार्याचा विषय क्रमांक १० आहे. मुलाखत कुठलीही असो, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून दोन चांगल्या नोंदी सोबत ठेवा: एक व्यक्ती सहाय्य कार्याची (एकेका माणसासोबतचं काम), एक गट कार्याची (गटासोबतचं काम). आणि त्यातली एक फसलेल्या प्रकरणाची असली तरी चालेल. का फसलं हे सांगता आलं पाहिजे.