वाकनच्या चिखलात उतरण्यापूर्वी

पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने वाकन या जर्मनीतल्या हेवी मेटल (जोरकस गिटारांचे रॉक संगीत) महोत्सवाचे तिकीट मिळवले, आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्याने मला जितके प्रश्न विचारले तितके दहावीच्या वर्षीही कोणाला विचारले नसतील. बहुतेक प्रश्नांचा रोख कोणता बँड किती वाजता येणार आणि पुढची जागा कशी पकडायची यावर होता. हॅम्बुर्गला राहायला आल्यापासून मी चार वेळा वाकनला गेले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की बँड हा या महोत्सवाचा सर्वांत सोपा भाग असतो, कारण त्याची काळजी आयोजक घेतात. पाय, कान, झोप आणि पोट यांची काळजी मात्र आपली आपणच घ्यायची असते. त्याला तुकड्यातुकड्यांनी पाठवलेली उत्तरे येथे सलग लिहून काढत आहे.

वाकन हे उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यातले सुमारे दोन हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव आहे. (माझ्या आईला पहिल्यांदा नाव सांगितले तेव्हा ती म्हणाली, "नागोठण्याजवळचं ना?" तिच्या डोळ्यांसमोर मुंबई-गोवा रस्त्यावरचा वाकण फाटा होता.) १९९० च्या ऑगस्टमध्ये थॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूब्नर या दोन तरुणांनी गावाजवळच्या खडीच्या खाणीत सहा बँड बोलावले आणि सुमारे ८०० माणसे जमली. आज त्याच गावाच्या शेतांत जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी ८५ हजार माणसे येतात. २०१७ साली तर बिअर वाहून नेणाऱ्या गाड्यांनी मैदान उखडू नये म्हणून जमिनीखालून बिअरची नळवाहिनी टाकण्यात आली. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की ही जागा मूळची शेतीची आहे, स्टेडियम नव्हे, आणि तुमच्या तयारीतील निम्म्या गोष्टी या एका वस्तुस्थितीतून निघतात.

भारतातून येणाऱ्यांनी तिकीट आणि व्हिसा यांचे वेळापत्रक आधी नीट समजून घ्यावे. पुढच्या वर्षीची तिकिटे यंदाचा महोत्सव संपता संपताच विक्रीला येतात, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो. म्हणजे तिकिटाचे पैसे आधी गुंतलेले असतात आणि व्हिसाचा निर्णय फार नंतर येतो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. व्हिसाच्या अर्जासाठी भेटीची वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीच्या गर्दीत मिळणे अवघड असते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच ती घेऊन ठेवावी. हॅम्बुर्गहून इट्झेहो या स्थानकापर्यंत लोकल वळणाची रेल्वे आहे आणि तेथून वाकनपर्यंत महोत्सवाच्या बसगाड्या सुटतात. गाडी भाड्याने घेण्याचा विचार मी तरी करणार नाही, आणि त्याचे कारण चिखल हे आहे.

वाकनचा चिखल हा विनोदाचा विषय झालेला असला तरी तो विनोद नाही. आयोजकांचे घोषवाक्यच "पाऊस असो वा ऊन" अशा अर्थाचे आहे. २०२३ साली महोत्सवाच्या आधी इतका पाऊस झाला की गाड्या मैदानात उतरवणे अशक्य झाले, प्रवेश मध्येच थांबवावा लागला, आणि ८५ हजारांपैकी सुमारे ५० हजार प्रेक्षकच आत पोहोचू शकले. उरलेल्यांना वाटेतून परत फिरावे लागले. परदेशातून येणाऱ्याने म्हणूनच निदान पहिल्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये रद्द करता येण्याजोगी खोली हाताशी ठेवावी आणि महोत्सव सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीच तंबू ठोकावा. मी पहिल्यांदा गेले ते २०१५ सालही असेच चिखलाचे होते. मी धावण्याचे महागडे बूट घालून गेले होते. त्यांतला उजवा दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलाने खेचून घेतला आणि तो बाहेर काढायला दोन अनोळखी फिन्निश माणसे लागली. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट आणि त्यांसोबत एक वापरून सैल झालेली, घोट्यावर बांधली जाणारी चामडी जोडी, असे दोन्ही जवळ असावे. नवे कोरे बूट तेथे पहिल्यांदा घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडला तो आईचा सल्ला. ती आळंदी ते पंढरपूर तीनदा चालली आहे आणि हेवी मेटल म्हणजे काय हे तिला आजही ठाऊक नाही. तिने सांगितले की रात्री झोपताना पायांना खोबरेल तेल चोळावे, सकाळी पाय पूर्ण कोरडे करूनच मोजे चढवावेत, मोज्यांची प्रत्येक जोडी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी, आणि दिवसाची शेवटची कोरडी जोडी कितीही मोह झाला तरी तंबूत शिरेपर्यंत उघडू नये. आषाढातल्या चिखलात वीस दिवस चाललेल्या बाईचे हे अनुभवाचे बोल होते आणि त्यातले एक अक्षरही वाकनला खोटे ठरले नाही.

रात्रीच्या थंडीचा अंदाजही आपल्याकडच्या माणसाला येत नाही. ऑगस्ट म्हणजे उन्हाळा असे कागदावर असते, सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, दुपारी कातडी भाजते, आणि पहाटे पारा कधी कधी दहा अंशांच्या आसपास येतो. झोपण्याच्या पिशवीखाली जमिनीची ओल आणि गारवा तोडणारी जाड चटई नसेल तर पिशवी कितीही उत्तम असली तरी झोप लागत नाही. शौचालयांबद्दल स्पष्टच लिहिते, कारण हा प्रश्न विचारायला भाचा तीन दिवस लाजत होता. तंबूंच्या तळावर प्लॅस्टिकची उभी शौचालये असतात, त्यांना तेथे सगळे डिक्सी म्हणतात, आणि पैसे देऊन वापरण्याची, पाण्याची सोय असलेली शौचालये आणि स्नानगृहेही असतात. पैसे द्यावेत. आपल्या सवयीप्रमाणे पाण्याची एक छोटी बाटली खिशात ठेवावी, आणि सकाळी आठ ते दहा ही वेळ टाळून साडेसहाला उठावे. त्या वेळी सगळे जर्मनी झोपलेले असते.

आता माझ्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येते. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हा इंग्लिश मेटल बँड बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला तेव्हा मी उद्यान एक्स्प्रेसने गेले होते, दुपारपासून उभी राहिले होते, काही खाल्ले नव्हते, आणि ती माझ्या आयुष्यातली एक अत्यंत आनंदाची संध्याकाळ होती. २०१५ साली वाकनला मी ती संध्याकाळ ओळीने तीन दिवस जगण्याचा प्रयत्न केला. दुपारी बाराला मैदानात शिरायचे आणि मध्यरात्रीनंतर बाहेर पडायचे, मध्ये केवळ बिअर आणि बटाट्याचे तळलेले काप. तिसऱ्या रात्री, १ ऑगस्टला, ज्युडास प्रीस्ट या इंग्लिश बँडचा कार्यक्रम होता आणि मी मुख्यत्वे त्याच्यासाठी आले होते. संध्याकाळी अर्धा तास पाठ टेकते म्हणून तंबूत गेले आणि जाग आली तेव्हा शेवटची गाणी चालली होती. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी अल्बम म्हणून प्रसिद्ध झाले. मी तो विकत घेतला आहे, आणि तो लावला की ज्या कार्यक्रमाला मी जेमतेम सातशे मीटरवर घोरत होते तोच ऐकत असते.

तेव्हापासून माझा नियम असा की दिवसाला चार बँड मनापासून ऐकायचे आणि बाकीचे कानावर पडतील तसे. फास्टर आणि हार्डर हे दोन मुख्य रंगमंच अगदी शेजारी शेजारी आहेत; एकावर वादन चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या बँडची मांडामांड होते, त्यामुळे एकाच जागी उभे राहून दिवसभर संगीत ऐकता येते आणि हीच व्यवस्था नवख्याला थकवून टाकते. तंबूपासून मैदानापर्यंत अर्धा तास चाल सहज पडू शकते, हे अंतर चिखलात दुप्पट वाटते. दुपारी दोन ते पाच परत येऊन झोपावे. गावात पोहण्याचा तलाव आहे, तेथे काळ्या कपड्यांतल्या लांब केसांच्या माणसांची शाळकरी पोरांसारखी झुंबड उडते; माझ्या मते एखाद्या मधल्या फळीतल्या बँडपेक्षा ते दृश्य पाहण्यासारखे आहे. तसेच गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे वाद्यवृंद पथक सुरुवातीला वाजवते, ते चुकवू नये.

कानांच्या बाबतीत मी भाच्याशी वाद घालणार नाही, असे त्याला सांगितले आहे. अमेरिकेतील कामाच्या ठिकाणच्या आरोग्याशी संबंधित संस्थेचा हिशेब असा आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. जर्मनीतील मानकानुसार प्रेक्षकांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या आत ठेवायची असते. सारे नियम पाळूनही एका बँडच्या पहिल्या चार-पाच गाण्यांतच तुमचा दिवसाचा वाटा संपतो, असा याचा अर्थ होतो. कानात घालायच्या पिवळ्या स्पंजाच्या बोळ्यांनी वरचे स्वर दबून गिटार चादरीआडून आल्यासारखी वाटते, म्हणून लोक ते काढून टाकतात. त्यापेक्षा वीस-पंचवीस युरोंना मिळणारे, सगळ्या स्वरांना सारखे खाली आणणारे गाळणीचे बोळे घ्यावेत आणि पहिल्या सुरापूर्वी घालावेत. कानात शिटी वाजू लागल्यावर ते घालण्यात फारसा अर्थ उरत नाही.

रंगमंचासमोर जी धक्काबुक्की दिसते तिचे नियम फार कडक असतात, फक्त ते कोठे लिहिलेले नसतात. कोणी पडले की आजूबाजूचे सगळे थांबून आधी त्याला उचलतात. कोपर छातीजवळ ठेवायचे, मूठ उगारायची नाही, ज्याला आत यायचे नाही त्याला ओढायचे नाही. गोल फिरणाऱ्या माणसांच्या रिंगणात शिरायचे असेल तर ते ज्या दिशेला फिरते आहे त्याच दिशेने शिरावे. हे सांगावे लागू नये, पण मी उलटे शिरलेली माणसे पाहिली आहेत. डोक्यांवरून कोणी तरंगत आले तर हात वर करून त्याला पुढे सरकवावे, रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधल्या खंदकात सुरक्षारक्षक त्याला झेलतात. स्त्रियांना मी एवढेच सांगेन की मुंबईच्या लोकलपेक्षा मला तेथे कमी त्रास झाला आहे, परंतु झाला तर गप्प बसू नये, जवळच्या सुरक्षारक्षकाला लगेच सांगावे.

पोशाखाची चिंता कोणीही करू नये. काळा टी-शर्ट पुरतो. बिनबाह्यांच्या डेनिम जाकिटावर बँडांची कापडी चिन्हे शिवलेली असतात, त्याला जर्मन लोक कुटं म्हणतात आणि काहींची कुटं तीस वर्षांत एकदाही धुतलेली नसतात. मला हा अभिमान समजत नाही, पण त्याला हात लावू नये. तर्जनी आणि करंगळी उभारून करायची खूण मेटल गायक रॉनी जेम्स डिओने रूढ केली, जर्मनीत तिला बटाट्याचे काप खाण्याच्या दोन दातांच्या काट्याचे नाव आहे. अंगठा मात्र बोटांवर दुमडलेला हवा. तुमच्या अंगावर मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या बँडचा टी-शर्ट असेल तर २०१४ साली त्यांना तेथे ऐकलेला कोणीतरी नक्की बोलायला येतो. तसेच २०१९ नंतर दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडचे नाव काढताच अनोळखी लोक ढोलाचा ठेका धरतात.

पैसे मनगटावरच्या पट्टीतल्या चिपमधून द्यायचे असतात, त्यामुळे किती उडाले हे कळत नाही. रोज सकाळी त्या चिपवर ठरावीक रक्कमच जमा करावी. शाकाहारींची उपासमार होत नाही: चीज आणि अळंबी भरून भाजलेला गरम पाव ठिकठिकाणी मिळतो. तरी चिवडा आणि थेपले घेऊन जा. माझ्या शेजारच्या तंबूतल्या ब्रेमेनच्या मंडळींनी लसणाच्या चटणीच्या बदल्यात मला चार दिवस कॉफी पाजली होती. मोबाइलला संध्याकाळी रेंज मिळत नाही, म्हणून चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवावी, आणि तंबूच्या टोकाला उंच काठीवर काहीतरी ओळखीचे बांधावे. माझ्या तंबूवर आईची जुनी हिरवी साडी असते.

रविवारी सकाळी सगळे एकदम निघतात. लवकर तंबू गुंडाळून नऊच्या आत बस पकडावी, गाडीत बुटांखाली घालायला कचऱ्याची पिशवी जवळ ठेवावी, आणि घरी पोहोचल्यावर बूट लगेच न्हाणीघरात धुऊ नयेत. ती चिकणमाती पाइपात बसते आणि प्लंबर रविवारी येत नाही. बूट दोन दिवस गॅलरीत वाळू द्यावेत, मग एकमेकांवर आपटावेत. ढेकळे आपोआप गळून पडतात.