गिटारची बॉडी : सागाचा हट्ट सोडला, शिवणीचं लाकूड घेतलं

मंडळी, मी घडवत असलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीचं लाकूड ठरलं. दोन महिने गेले त्यात, पण आता मनात किंतु नाही.

सुरुवात सागापासूनच झाली. मामांचं धाब्याचं घर पाडलं, त्यातल्या तुळईचा एक तुकडा त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. पन्नास-साठ वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड, रंग मधासारखा. यातूनच बॉडी करायची, असं मी पक्कं धरलं होतं. रंधा मारायला घेतला आणि तिसऱ्याच फटक्याला पातं खिळ्यावर गेलं. लाकडाच्या आत मोडून राहिलेला खिळा, वरून काहीच दिसत नव्हतं. पात्याला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. जुनं लाकूड वापरणार असाल तर आधी लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवा. मी हे नंतर केलं, आणखी चार खिळे सापडले.

खिळे निघाले, पण वजनाचं काय? 18×7×2 इंचाची फळी 2 किलो 850 ग्रॅम भरली. अशा दोन फळ्या जोडून बॉडी होते. आकार कापून, पावणेदोन इंच जाडीवर आणून, पिकअपच्या (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या) खाचा काढून झाल्यावरही 2.4 किलो राहते, वर नेक म्हणजे गिटारची मान आणि धातूचे सुटे भाग वेगळे. दोन तास उभं राहून वाजवायचं तर खांदा बोलणारच.

फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने 1956 पासून आपल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारसाठी मुख्यतः आल्डरचं लाकूड घेतलं, त्याआधी अ‍ॅशचं. आपल्या वखारीत दोन्ही मिळत नाहीत. म्हणून नावाऐवजी वजन शोधायचं ठरवलं. आल्डरची घनता लिटरला साधारण 450 ग्रॅम, म्हणजे आपल्याला 500 च्या आतलं, सरळ रेषेचं, न पिळणारं लाकूड हवं. आंबा पाहिला, पण वखारीतल्या फळीला बारीक भोकं होती आणि ठोकल्यावर पिठासारखा भुसा पडला. तो विषय तिथेच संपला.

चोपड्याकडच्या एका वखारीत मिस्त्रींनी शिवणीची फळी पुढे केली आणि म्हणाले, “भाऊ, हाई लाकूड हलकं शे, पन इमानदार शे.” फिकट पिवळसर, गाठ एकही नाही. पक्की पावती घेऊन दोन फळ्या आणल्या.

आता खरी गोष्ट, वाळवण. पहिल्या दिवशी एका फळीचं वजन 2 किलो 310 ग्रॅम. दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट दोन हात लावला, कारण टोकांकडून पाणी लवकर उडतं आणि तिथेच चिरा जातात. खाली पट्ट्या ठेवून फळ्या हॉलमध्ये रचल्या आणि दर रविवारी वजन घेतलं. पहिल्या आठवड्यात 60 ग्रॅम उतरलं, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात काहीच नाही. वाटलं, वाळली. तेवढ्यात लक्षात आलं, हॉलमध्ये दिवसभर कूलर चालतो! बाहेर 44 अंश आणि कोरडी झळ, आत मात्र ओल्या वाळ्यातून येणारी दमट हवा. फळ्या उचलून माळ्यावरच्या सावलीतल्या खोलीत नेल्या, तर वजन पुन्हा उतरायला लागलं. सातव्या आठवड्यात 2 किलो 40 ग्रॅमवर आलं आणि पुढचे दोन रविवार तिथेच थांबलं. हिशोब केला तर लिटरला 494 ग्रॅम. बॉडी पावणेदोन किलोच्या आत बसेल.

आवाजाचं विचाराल तर माझं मत सरळ आहे. सॉलिड बॉडीत पिकअप तारेचं कंपन पकडतो. लाकडाचं पहिलं काम नेक आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) हलू न देणं. 10-46 जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) सहा तारांची ओढ सगळी मिळून 45 किलोच्या वर जाते. शिवण सागापेक्षा मऊ, म्हणून स्क्रूची चाचणी घेतली. उरलेल्या तुकड्यात अडीच मिमीचं भोक पाडून ब्रिजचा स्क्रू पाच वेळा बसवला-काढला. पाचव्या वेळीही पकड तशीच. तरी ट्रेमोलो, म्हणजे दांडी दाबून सूर हलवणारा ब्रिज, टाळतोय. तारा बॉडीच्या आरपार नेऊन मागे धातूच्या छोट्या नळ्यांमध्ये (बुशिंग) अडकवणार.

कालच दोन्ही फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ करून उजेडासमोर धरल्या. मधोमध केसाएवढी फट दिसते. ती गेली की फेविकॉल आणि चार क्लॅम्प. सागाच्या तुळईतून मागच्या खाचेचं झाकण करणार आहे, मामांना ते दाखवायचंय.