मुठीतली माती

छोट्या शेतकरी कुटुंबांकडे प्रशिक्षणासाठी राहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना आज भेटून आले. जगातील सुमारे ८४ टक्के शेते २ हेक्टरांहून लहान आहेत, हे त्यांना परीक्षेपुरते ठाऊक होते. पण पाणी आज द्यायचे की दोन दिवसांनी, हे ठरवताना घरातील आजींनी वीतभर खोलीवरची माती उकरून मुठीत दाबली, तो गोळा टिचकीने फुटतो का ते पाहिले आणि "अजून ओल आहे" एवढेच सांगितले, तेव्हा एका मुलीने घाईघाईने वही उघडली. मला मात्र एक गोष्ट सलते: ऐन हंगामात नवख्या हातांना शिकवण्यात त्या कुटुंबाचा जो वेळ जातो, त्याचा मोबदला आमच्या अभ्यासक्रमाने कुठेच धरलेला नाही. त्यासाठी मी उद्याच विभागात लेखी प्रस्ताव देणार आहे.